पत्र्याचे चाकू

कामरगावच्या बाजारात गोजराबाई चाकू घ्यायला बसली, की आजूबाजूच्या चार बाया आपोआप तिथं टेकत. कुणाला खुरपं घ्यायचं असे, कुणाला विळा, कुणाला काहीच घ्यायचं नसे. पण गोजराबाई लोखंड कसं पारखते ते बघायला मिळतं म्हणून पिशव्या मांडीवर घेऊन बसून राहत. आणि खरं सांगायचं तर बघणारं कुणी नसलं की गोजराबाईलाही चाकू घेण्यात गोडी वाटत नसे.

आधी ती चाकू डोळ्यांसमोर आडवा धरून आभाळाच्या उजेडात धारेची रेघ बघे. रेघ वाकडी दिसली की चाकू खाली. मग अंगठ्याच्या नखावर धार अलगद टेकवी. नखाला धरली तर ठीक, घसरली तर तोही खाली. मग पात्यावर एक टिचकी आणि लगेच कान. एवढ्यातून जे उरत त्यांच्यावर चंचीतली लिंबाची फोड चोळून ते बाजूला ठेवी आणि कमलीबाईशी घरच्यादारच्या गोष्टी सुरू करी. गोष्टी संपेस्तोवर पातं काळंनिळं पडलं, तर ते पोलाद. चकचकीतच राहिलं, तर तिच्या लेखी तो पत्रा.

कमलीबाई गाडीलोहाराची. तिचा नवरा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचं लोखंड तापवून चाकू घडवायचा आणि ही बाजारात पोत्यावर मांडून विकायची. गोजराबाईनं बाजूला टाकलेल्या चाकूंचा तिला कधी राग आला नाही. गोजराबाईनं जे ठेवले ते बघणाऱ्या बाया लगेच उचलत, हे तिला पाठ झालं होतं.

त्या दिवशी गोजराबाईसोबत सून होती, सुचिता. जऊळक्याची पोर, लग्न होऊन तीन वर्षं झालेली, कामाला वाघीण आणि बोलायला बेताची. समोरच एक जण प्लास्टिकच्या ताडपत्रीवर रंगीत मुठींचे चाकू ओतून बसला होता. लाल, पिवळे, हिरवे. सुचिता तिकडं बघत म्हणाली, "आई, ते घ्याचे काय? हलके हायेत. आन् त्याले जंग बी नाई लागत."

"जंग कायले लागन? लोखंड असन तं जंग लागन ना!" गोजराबाई म्हणाली. बाया हसल्या. "पत्रा हाय तो, माय. डब्ब्याचं झाकन कापून मूठ बसवली. गोबीचा देठ मनगटाएवढा असते. दोन सऱ्या निंघाल्या का चाकू गेला."

गोजराबाईला आणखी चेव आला. तिनं कमलीबाईच्या ढिगातून घरच्यांसाठी आणि मजूर बायांसाठी पुरतील एवढे चाकू काढले, प्रत्येकाला लिंबू लावलं, आणि सगळ्या काळ्या पडलेल्या पात्यांकडं बोट करून बायांना म्हणाली, "हे पाहा. याले म्हनते चाकू."

घरात पेरायचं काय ते नवरा, पंजाबराव, ठरवी. विकायचं कुणाला ते मुलगा अंकुर ठरवी. मोटार चालू कधी करायची ते तर वीजवालेच ठरवत. गोजराबाईला कुणी विचारत नसे असं नाही. विचारत आणि मग आपलंच करत. एक लोखंड तेवढं तिचं होतं. तिचं माहेर मानोऱ्याकडचं, घराच्या आडभिंतीला लोहाराचा भाता. लहानपणी दिवसभर तिथंच बसून राहायची म्हणून आईच्या शिव्या खायची. सासरी आली आणि पहिल्याच मोसमात तिनं निवडलेले विळे सगळ्या गावात उजवे निघाले, तेव्हापासून या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. ती तेवढ्यावर खूश होती. माणसाला एक गोष्ट आपली म्हणून असली की बाकीच्या गोष्टी दुसऱ्यांना देता येतात.

यंदा फुलकोबीनं सगळ्यांना रडवलं होतं. मागच्या वर्षी भाव बरा मिळाला म्हणून ज्याच्या विहिरीत पाणी त्यानं कोबी लावली, आणि मंडईत अशी रेलचेल झाली की नेण्याचं भाडंही निघेना. दोघातिघांनी तर उभ्या पिकात बकऱ्या सोडल्या. पंजाबरावानंही या वर्षी पहिल्यांदाच, मेथी-वांगी सोडून, विहिरीजवळचं सगळं वावर कोबीलाच दिलेलं. तो रोज बांधावर जाऊन पांढरे गड्डे बघे आणि न जेवता झोपे. मग अंकुरनं कारंज्याचा एक लग्नाचा स्वयंपाक करणारा गाठला, हरीओम नावाचा. लगीनसराई तोंडावर होती. हरीओम म्हणाला, सगळं वावर घेतो, लग्नं जशी येतील तसं रोज सकाळी टेम्पो भरून द्या. फक्त माल शिळा दिसला तर त्याच दिवशी आपला राम राम.

"मी गोबी उलटी करून पाह्यतो," तो अंकुरला म्हणाला होता. "फूल कोनं पाह्यते? देठ सांगते खरं. देठ काया दिसला का समजायचं, बासी हाय."

अंकुरनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा गोजराबाई चुलीशी होती. तिनं ऐकलं आणि सोडून दिलं. ताजा माल, रोजचा तोडलेला, त्याचा देठ कशाला काळा पडतो!

टेम्पो भल्या पहाटे निघणार, म्हणून तोडणी आदल्या दिवशी उन्हं कलल्यावर सुरू करायची ठरली. पहिल्या दिवशी ललिताबाई आपल्या बायांना घेऊन आली. ललिताबाई गावातली जुनी मजूर, उंच, सडपातळ, तोंडाची फाटकी, पण तिच्या टोळीत कामचुकार बाई टिकत नसे. सगळ्यांनी साडीवर नवऱ्यांचे जुने शर्ट चढवले, डोक्याला फडकी बांधली. गोजराबाईनं बांधावर चाकू मांडून ठेवले. हातातून हातात चाकू द्यायचा नाही, भांडण होतं, म्हणून एकेक बाई वाकून आपापला उचलून गेली.

कोबीची तोडणी दिसायला सोपी. वाकायचं, डाव्या हातानं पानांसकट गड्डा एका बाजूला कलता करायचा, उजव्या हातानं देठाखाली चाकू घालून एकाच ओढीत कापायचा, वरची पानं थोडी छाटायची, टोपलीत ठेवायचा. एकदा केलं तर खेळ. शंभरदा केलं की कंबर वेगळी बोलायला लागते, आणि पानांतलं गार पाणी बाहीतून कोपरापर्यंत उतरतं. पण चाकू चांगले होते. देठातून सपकन जात होते, कुणाला दुसऱ्यांदा ओढावं लागत नव्हतं.

"काकू, चाकू हाय का बिजली?" ललिताबाई सरीतून ओरडली.

"बोट सांभाय, बिजली पडन!" गोजराबाई ओरडली. तिच्या अंगात जणू नवी कंबर बसवली होती.

दिवस बुडायच्या आत टोपल्या गोठ्याशेजारच्या पडवीत आल्या. माल प्लास्टिकच्या क्रेटमध्ये लावला, वर ओलं बारदान टाकलं. पंजाबराव त्या दिवशी पोटभर जेवला. सकाळी टेम्पो गेला, आणि अंकुर परत आला तो हसतच. "हरीओमभाऊ खूश हाय. म्हने, देठ पाहा, आताच कापल्यासारखा पांढरा!"

"चाकू चांगला असला का काप साफ येते," गोजराबाई म्हणाली. "भोथर्‍या चाकूनं देठ चेंदते, मंग कायाच पडते. तुमाले वाटते चाकू म्हंजे चाकू. तसं नसते ते."

सुचिता चहा गाळत होती. तिनं मान वर केली नाही. अंकुरनं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि मग कपात पाहिलं. पंजाबराव म्हणाला, "बरोबर हाय तुहं," आणि उठून वावरात गेला. नवऱ्यानं इतक्या चटकन बरोबर म्हटलेलं गोजराबाईला गेल्या कित्येक वर्षांत आठवत नव्हतं. खटकायला पाहिजे होतं. पण ती खुशीत होती, आणि खुशीतल्या माणसाला काही खटकत नाही.

पुढं काही दिवस असंच चाललं. दुपार कलली की तोडणी, पहाटे टेम्पो, सकाळी हरीओमचा निरोप. गोजराबाईनं विहिरीवर सांगितलं, देवळात सांगितलं, पिठाच्या गिरणीवर रांगेत उभ्या बायांना तर चाकू कसा धरायचा ते हातवारे करून दाखवलं. दोघीतिघींनी पुढच्या बाजाराला तिच्यासोबत यायचं ठरवूनही टाकलं.

मग एका पहाटे तिची शेळी ओरडायला लागली. व्यायला झाली होती. गोजराबाई अंगावर चादर घेऊन गोठ्याकडं निघाली, तर पडवीत बल्ब जळताना दिसला. टेम्पोला अजून वेळ होता. तिला वाटलं, रात्री कुणी दिवा मालवायचा विसरलं. दारात गेली आणि तिथंच उभी राहिली.

सुचिता पाटावर बसली होती. एका बाजूला क्रेट, दुसऱ्या बाजूला क्रेट. ती एक गड्डा उचलायची, उलटा धरायची, देठाची चकती बोटाएवढी जाड कापून टाकायची आणि गड्डा दुसऱ्या क्रेटमध्ये ठेवायची. तिच्या पायाशी चकत्यांचा ढीग पडला होता. हातात लाल मुठीचा चाकू होता, बाजारातल्या ताडपत्रीवरचा, सासूच्या नकळत घेतलेला.

गोजराबाईनं वाकून ढिगातली एक चकती उचलली. काप अगदी साफ होता. आणि शाई सांडावी तसा काळा होता.

"हे काय?"

सुचिता दचकली. चाकू तिनं जमिनीवर ठेवला. "काई नाई, आई. थोडा थोडा काया पडते ना रातभरात. म्हटलं साफ करून द्यावं."

"किती दिवसापासून?"

सुचितानं पायाशी पडलेल्या चकत्या गोळा करायला घेतल्या.

"किती दिवसापासून करून राह्यली, मी इचारतो!"

"पयल्या दिवसापासून."

गोजराबाईनं तिचा उजवा हात ओढून बल्बखाली धरला. पहिल्या बोटाच्या बुडाशी फोड येऊन फुटला होता, त्यावर हळद लावलेली. अंगठ्याला चिंधी. आणि आपण हिला इतके दिवस भाकऱ्या थापायला लावत होतो, चटका बसला म्हणाली तेव्हा 'लक्ष कुठं असते तुहं' म्हणालो होतो, हे गोजराबाईला आठवलं.

"अंकुरले मालूम हाय?"

"हो."

"आन् यायले?"

"मामाजी बी येतात कधी मदतीले. आज पानी द्याले गेले."

म्हणजे सगळ्या घराला माहीत होतं. पंजाबराव 'बरोबर हाय तुहं' म्हणाला होता ते यासाठी. रागावलेला नवरा तिनं पुष्कळ पाहिला होता, पण आपल्याला सांभाळून घेणारा नवरा पाहायची ही पहिलीच वेळ, आणि तोंडात मारल्यासारखं झालं. तिला एकदम गिरणीवरची रांग आठवली. आपण हातवारे करत होतो आणि घरात सून फोड फोडून घेत होती.

"काहून नाई सांगितलं मले?"

"तुमाले वाईट वाटलं असतं," सुचिता म्हणाली. "तुमी एवढ्या हौसेनं आनले होते."

"मंग आता बरं वाटून राह्यलं काय?" गोजराबाई म्हणाली आणि तिथून निघाली. शेळीनं तोवर आपलं आपण उरकलं होतं. दोन करडं झाली होती, दोन्ही पाटी. गोजराबाईनं त्या पुसल्या, आईच्या अंगाला लावल्या, आणि गोठ्यातच बसून घटकाभर रडली.

उजाडल्यावर तिच्यातलं रडणं गेलं आणि हट्ट आला. चाकूचा दोष कशावरून? फवारणीचा असेल. बारदानाचा असेल. विहिरीचं पाणी जड आहे, सगळे म्हणतात. ती कुणाशी न बोलता वावरात गेली आणि एकाच सरीतले शेजारशेजारचे दोन गड्डे कापले. एक कमलीबाईच्या चाकूनं, एक सुनेच्या लाल चाकूनं. दोन्ही घरी आणून माजघरात उलटे ठेवले, वर काही झाकलं नाही, पाण्याचा थेंब लागू दिला नाही. मग ती भांडी घासायला बसली, पण दर थोड्या वेळानं उठून माजघरात डोकावत होती. दुपारची जेवणं झाली तोवर तिच्या चाकूचा देठ कडेनं काळवंडायला लागला होता. चहाच्या वेळेला तो पुरता काळा. दुसरा पांढराच्या पांढरा.

जे पोलाद लिंबानं काळं पडतं, ते कोबीच्या रसानंही पडणार, आणि पडताना देठही काळा करणार. आता कळल्यावर एवढं सोपं! आजवर कोबी थोडी असायची. सकाळी कापली, दुपारपर्यंत गावातच विकली. देठाला काळं व्हायला सवडच मिळाली नव्हती. आणि ज्या खुणेवर ती आयुष्यभर चाकू पारखत आली, नेमकी तीच खूण इथं उलटली होती.

तिला वाटलं, कुणाला सांगू नये. सुनेनं गप्प राहून केलंच आहे, आणखी काही दिवस करील, मोसम संपेल. असं वाटलं हे खरं आहे. पण सुचिता ताक घुसळत होती आणि रवीची दोरी डाव्या हातानं ओढत होती, ते बघून गोजराबाईच्यानं राहवलं नाही.

बाया तोडणीला आल्या तेव्हा बांधावर चाकू नव्हते. नुसती गोजराबाई उभी होती.

"आज उशिरा लागू कामाले," ती म्हणाली. "माहे चाकू गोबीले चालत नाई. देठ काया करते. रोज पाहाटी उठून माही सून तुमी कापलेला एकेक देठ पुन्हा कापून राह्यली. मले आज समजलं."

ललिताबाईनं तोंडात तंबाखूची चिमूट टाकली. "म्हंजे बिजली पडली म्हना ना," ती म्हणाली आणि एक बाई फिसकन हसली. पण हसू तेवढ्यावरच थांबलं. ललिताबाईच पुढं म्हणाली, "मंग कायनं कापाचं, काकू? दातानं काय?"

गोजराबाई सुनेला घेऊन काळीपिवळी जीपनं कामरगावला गेली. बाजाराचा दिवस नव्हता, म्हणून भांड्यांच्या दुकानात गेली. दुकानदारानं काचेवर दहा तऱ्हेचे चाकू पसरले. सगळे चकचकीत, सगळे स्वस्त. गोजराबाईनं सवयीनं एक उचलून आभाळाकडं धरला. वर ट्यूबलाइट होती. रेघ सगळ्यांची सरळच. नखाला सगळेच धरत होते, नवे ना! टिचकी मारली तर प्लास्टिकच्या मुठीनं आवाज गिळला. आणि लिंबू? ते यातल्या एकालाही काळं करणार नव्हतं. चंचीपर्यंत गेलेला हात तिनं परत आणला.

"काकू, सगळे सारखेच हायेत," दुकानदार म्हणाला. "रंग सांगा कोनता पाह्यजे."

एवढ्या वर्षांत चाकू घेताना तिला कुणी रंग विचारला नव्हता. तिनं सुनेकडं पाहिलं. "तू काय पाहून घेतला लाल?"

सुचिता लाजली. "काईच नाई. लाल होता म्हनून."

गोजराबाई हसली. खूप दिवसांनी दोघी एकाच गोष्टीवर हसल्या, दुकानदाराला कळेना काय झालं. मग गोजराबाई म्हणाली, "एकेक दे. सगळ्या तऱ्हेचा एकेक."

त्या संध्याकाळी प्रत्येक बाईच्या हातात वेगळा चाकू होता. गोजराबाई सरीसरीतून फिरत होती आणि विचारत होती, आणि बाया तक्रारी करायला तयारच होत्या. निळ्याची मूठ पानाच्या पाण्यानं साबणासारखी निसटत होती. हिरव्याचं पातं मुठीच्या गळ्याशी वाकलं; दिवा लावायच्या आत ते मुठीतून सुटून कोबीतच राहिलं. एकाचं टोक इतकं लांब की शेजारच्या गड्ड्याला लागायचं आणि पांढऱ्या फुलावर चीर पडायची. लाकडी मुठीचा एक दिसायला देखणा होता, तो तिनं स्वतःकडं ठेवला होता. त्याच्या मुठीतली तार वर आली आणि तिच्याच तळव्याला ओरखडा गेला.

"देखना होता ना?" ललिताबाई म्हणाली.

"होता," गोजराबाई म्हणाली. "माहा नवरा बी देखनाच होता."

पंजाबराव पलीकडच्या सरीत टोपली उचलत होता. त्याला ऐकू गेलं, पण त्यानं तसं दाखवलं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी उरलेले चाकू तिनं ओट्यावर मांडले. सगळ्यांची धार गेली होती. एवढे देठ कापल्यावर जाणारच, ते तिनं धरलंच होतं. तिनं चहाचा कप पालथा घातला आणि त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर एकेक चाकू घासला. चार ओढी या बाजूनं, चार त्या बाजूनं. मग टोमॅटोवर टेकवून बघायचं. काही चाकू कितीही घासले तरी टोमॅटोच्या सालीवरून घसरत राहिले. सुचिताचा लाल त्यातच गेला. दोन चाकूंना धार आली, पण पुन्हा चार वांगी कापली की गेली. एक पिवळ्या मुठीचा होता, आखूड, जाड पाठीचा, दिसायला अगदी गबाळा. मूठ अशी जाड की लहान मुलाचं खेळणं वाटावं. त्यानं धार घेतली आणि ठेवलीही. पातं मुठीच्या पार शेवटपर्यंत गेलेलं होतं, आणि जाड मुठीमुळं ओल्या हातात फिरत नव्हता. सुचितानं तो फोडाच्या हातात धरून पाहिला. "दुखत नाई, आई."

"मंग हाच," गोजराबाई म्हणाली. "पत्राच हाय मेला. पन कामाचा पत्रा हाय."

दुसऱ्या दिवशी सगळे पिवळे आले. पहाटे पडवीत बल्ब लागला नाही. टेम्पो गेला आणि घरातल्या घरात सगळे उगीच घोटाळत राहिले. अंकुरचा फोन आला. हरीओमनं वरच्या क्रेटमधला एक, मधल्यातला एक आणि तळातला एक असे गड्डे उलटे करून पाहिले होते आणि उद्यासाठी दोन क्रेट जास्त सांगितले होते. गोजराबाईनं त्या दिवसाच्या भाकऱ्या स्वतः थापल्या, सुनेला चुलीजवळ येऊ दिलं नाही.

कमलीबाईचे चाकू तिनं फेकले नाहीत. त्यांनी चारा तोडला, शेवगा छाटला, दोऱ्या कापल्या, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाजारात गेली तेव्हा तिनं कमलीबाईला सगळं सांगितलं. कमलीबाईला वाईट वाटेल अशी तिला भीती होती. पण कमलीबाई म्हणाली, "मी सोता गोबी पत्र्याच्यानंच कापतो, बाई. तुमी इचारलंच नाई कधी." गोजराबाईनं एक खुरपं घेतलं.

कोबी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. दुपारी गावात एक फेरीवाला मोटारसायकलवर आला. मागं दोन्ही बाजूंना झोळ्या, त्यात गाळण्या, चिमटे, किसण्या आणि चाकू. शाळेजवळच्या कडुलिंबाखाली त्यानं गाडी उभी केली तसा बायांचा घोळका झाला. चाकू नव्याच तऱ्हेचे होते. पात्यावर काळा रंग, त्यावर पांढरी फुलं, मुठीला भोक, आणि किंमत इतकी कमी की न घेणाऱ्यालाही घ्यावासा वाटावा. गोजराबाई आणि सुचिता वावरातून येत होत्या.

"आल्या पाहा काकू!" ललिताबाईनं आवाज दिला. तिनं एक चाकू आधीच हातात घेतला होता. "सांगा हो, कसा हाय? पोरीच्या घरी पाठवाचा हाय. घेऊ?"

घोळका सरकला. बाया तिच्या हाताकडं बघायला लागल्या, बाजारात बघत तशा. ललिताबाईनं चाकू मोटारसायकलच्या सीटवर ठेवला, गोजराबाईनं उचलला. तिनं तो उलटा केला, सुलटा केला. पात्यावरच्या रंगाखाली काय आहे ते दिसत नव्हतं. मुठीच्या आत पातं कुठवर गेलंय ते कळायला वाट नव्हती. पूर्वीची गोजराबाई असती तर दोन शब्द फेकून मोकळी झाली असती, आणि बायांनी ते झेलले असते. आताही तिच्या जिभेवर दोन शब्द आले होते. तिनं ते गिळले. एवढ्या बायांसमोर हे बोलायचं म्हणजे होतं नव्हतं ते सोडून दिल्यासारखं होतं.

"मले नाई सांगता येत," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"म्हंजे नाई मालूम. नवी तऱ्हा हाय. दिसते बरा. पन घरी नेऊन आठ दिवस कापून पाह्यल्याशिवाय मी काई सांगत नाई."

सुचिता सासूच्या पाठीशी सरकली. ललिताबाईनं गोजराबाईच्या तोंडाकडं नीट पाहिलं, तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली, आणि फेरीवाल्याला म्हणाली, "काकूले एक दे. मी आता नाई घेत. त्या सांगतीन तवा घेईन."

तिच्या शेजारच्या बाईनंही हातातला चाकू झोळीत परत टाकला. मग तिच्या मागचीनं. पैसे काढून हातात धरलेली एक होती, तिनं ते पुन्हा पदराला बांधले.

"अवो काकू," फेरीवाला कळवळून म्हणाला, "आठ दिवस मी काय इथंच बसू?"

"पुढच्या हप्त्यात ये ना," गोजराबाई म्हणाली. तिनं एका चाकूचे पैसे दिले, तो सुनेच्या पिशवीत टाकला, आणि दोघी घराकडं चालायला लागल्या. तिला मागं वळून बघावंसं फार वाटत होतं. ती वळली नाही, पण घर येईस्तोवर तिचं हसू काही केल्या आवरेना.